पिटात कोण बसलं होतं?

प्रश्न पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीचा आहे: "सिनेमामुळे समाज बदलतो, की समाज बदलला म्हणून सिनेमा बदलतो? मराठी उदाहरणं देऊन सांगा. 'सिनेमा हा समाजाचा आरसा आहे' हे कॉलेजात सांगून झालंय, ते नको."

आरसा मलाही नको. आरशात बघायला तिकीट लागत नाही. सिनेमाला लागतं, आणि माझं सगळं आयुष्य त्या तिकिटामागे गेलं. १९७९ साली मी लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये एका वितरकाकडे रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून लागलो. रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे प्रिंटच्या पेट्यांबरोबर गावोगाव जाणारा माणूस. थिएटरवाला रोज किती तिकिटं फाडतो ते मोजायचं, कलेक्शनचा रिपोर्ट लिहायचा, पैसे घेऊन यायचे. थिएटरवाले तिकीट 'फिरवायचे', म्हणजे न फाडलेलं तिकीट डोअरकीपरकडून परत खिडकीवर नेऊन पुन्हा विकायचे. ते पकडायला खेळ सुरू झाल्यावर अंधारात डोकी मोजावी लागत. त्यामुळे मी सिनेमा कमी आणि पब्लिक जास्त बघितलं. माझं उत्तरही तिथूनच येतं. पडद्यावर काय होतं यापेक्षा खुर्चीत कोण होतं ते आधी शोधा. सिनेमा आणि समाजाचा जो काही व्यवहार झाला, तो तिकीट खिडकीवर झाला.

सुरुवातीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी एका वेगळ्या कारणासाठी सांगतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामती होते अण्णा साळुंके, मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणारे पुरुष. सिनेमात उभी राहायला बाई मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या. पण दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहून नाटक कंपनीत काम करत होत्या. गावाने नावं ठेवायची ती आधीच ठेवून झाली होती, नव्याने काही बिघडणार नव्हतं. आता १९३२ मध्ये या. प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा', कथा तीच, हरिश्चंद्राची. यात तारामती होत्या दुर्गा खोटे. लाडांच्या घरची मुलगी, खोट्यांची सून, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली. एकच भूमिका, मध्ये एकोणीस वर्षं. मधल्या काळात मुली शाळेत जायला लागल्या होत्या, स्वातंत्र्याच्या चळवळीत बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि खोट्यांच्या घरात पैशाची ओढाताण होती. पहिल्या दोन गोष्टींशिवाय तिसरी एकटी पुरली नसती. इथे आधी समाज हलला. पण दुर्गा खोटे पडद्यावर आल्यावर 'चांगल्या घरच्या' मुलीने सिनेमात जावं का, हा प्रश्न प्रत्येक घरात नव्याने निघाला. तो सिनेमाने काढला. म्हणून 'आधी कोण' याचं एक उत्तर मिळत नाही. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून अंधारात चालतात, कधी हा पुढे तर कधी तो.

'कुंकू' मात्र सविस्तर बघण्यासारखा आहे. १९३७, प्रभात, शांतारामबापू, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून. पोरसवदा नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकील काकासाहेबांशी लावतात. नीरा सासरी येते, पण बायको म्हणून राहायला नकार देते. आता हा विषय नवा होता का? मुळीच नाही. जरठ-कुमारी विवाहावर देवलांचं 'शारदा' १८९९ मध्येच रंगभूमीवर आलं होतं. बालविवाह रोखणारा सारडा कायदा १९२९ चा. म्हणजे सिनेमा नाटकापेक्षा अडतीस वर्षं आणि कायद्यापेक्षा आठ वर्षं उशिरा आला. 'सिनेमाने समाजाला जागं केलं' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा.

मग 'कुंकू'ने केलं काय? 'शारदा'तलं लग्न मोडतं ते वर आणि वधू सगोत्र निघाले म्हणून. शारदेला गोत्र वाचवतं. 'कुंकू'त लग्न लागून चुकलंय, वाचवायला कुणी नाही, आणि नीरा एकटी दाराला कडी लावून उभी आहे. शांता आपटे त्या भूमिकेत रडत नाहीत, भांडतात. शिवाय चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांडी, दार, छत्री, घरातले आवाज तेवढे आहेत. नीराच्या रागाला झाकायला सारंगी मिळत नाही. पिटातल्या, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त रांगांतल्या माणसाला तो राग तसाच, कोरडा ऐकावा लागतो.

आणि शेवट? काकासाहेबांना आपली चूक उमगते आणि ते जीव देतात. आजचे समीक्षक या शेवटाला पळवाट म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. १९३७ साली मुंबई इलाख्यातल्या उच्चवर्णीय हिंदू बाईला घटस्फोटच नव्हता. बडोदा संस्थानात १९३१ चा कायदा होता. मुंबईत तो १९४७ मध्ये आला, आणि साऱ्या देशासाठी १९५५ मध्ये. नीराला त्या घरातून जिवंतपणी बाहेर काढायला दिग्दर्शकाकडे दारच नव्हतं. म्हणून म्हाताऱ्याला मारावं लागलं. समाज सिनेमाला कसा घडवतो याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही: कायद्याच्या पुस्तकात जे कलम नव्हतं, ते पटकथेतही लिहिता आलं नाही.

सेन्सॉरचं थोडक्यात. प्रभातने एकनाथांवरचा चित्रपट १९३५ मध्ये 'महात्मा' नावाने काढला. सरकारला त्या नावात गांधी दिसले, तेव्हा तो 'धर्मात्मा' झाला. लोकांना जे कळायचं ते कळलंच होतं. एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात, हे त्या वर्षांत पुराणातलं राहिलं नव्हतं. त्यापाठोपाठ 'संत तुकाराम' आला आणि मुंबईत एकाच थिएटरात वर्षभराहून जास्त चालला. त्यात तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करायचे. आमच्या भागात मी घरोघर देवघरात तुकारामाचा म्हणून जो फोटो पाहिला, तो पागनीसांचा होता. तो काढायला सांगायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं. मी लागलो तेव्हा जत्रांमधले तंबू जोरात होते. पुसेगाव, पाल, म्हसवड. शेत नांगरून सपाट केलेलं, त्यावर ताडपत्रीचा तंबू, मध्ये दोरी: एका बाजूला बायका, दुसरीकडे पुरुष. जनरेटरचा धूर. मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागायचे, ऑपरेटर दुसरं रीळ चढवेपर्यंत पब्लिक आधीच्या रिळावर बोलून घ्यायची. हे बोलणं मी खूप ऐकलंय. 'सून वाईट की सासू', 'पाटलाने असं करायला नको होतं'. शहरातल्या माणसाला घरी जाताना जे बोलायचं असतं, ते इथे दर वीस मिनिटांनी व्हायचं. तंबूत रिझर्व्ह नव्हतं, जो आधी आला तो पुढे बसला. गावच्या पारावर जी माणसं शेजारी बसत नव्हती, ती इथे अंधारात एकाच सतरंजीवर बसत. दिवे लागले की थोडी सरकून बसत. हे मी पाहिलंय, एकदा नव्हे, पुष्कळदा. जात सिनेमाने मोडली नाही. तिला वीस-वीस मिनिटांची सुट्टी मिळायची, इतकंच.

तंबूत हमखास चालायचा तो तमाशापट. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'ने वाट पाडली, आणि १९५९ च्या अनंत मान्यांच्या 'सांगत्ये ऐका'ने तिचा हमरस्ता केला. पुण्यात तो सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. गावचा मस्तवाल पाटील आणि त्याचं पाप फडावर उभी राहून सांगणारी तमासगिरीण, हे त्याचं सार. पांढरपेशे त्याला 'लावणीचा सिनेमा' म्हणून सोडून देतात. पण १९५९ मध्ये पाटील नावाची सत्ता कमकुवत व्हायला लागली होती, कूळकायदा आला होता, आणि पिटातल्या माणसाला पाटलाची बेअब्रू पडद्यावर बघायची होती. गंमत पुढे आहे. त्यात काम केलेल्या हंसा वाडकरांनी आपलं आत्मकथन त्याच नावाने सांगितलं, १९७० मध्ये ते पुस्तक झालं, आणि त्यावरून १९७७ मध्ये बेनेगलांचा 'भूमिका' आला. पडद्यावर दुसरीची गोष्ट सांगणारी बाई पुढे स्वतःची सांगायला लागली, आणि ती गोष्ट परत पडद्यावर गेली.

पाटील जाऊन साखरसम्राट आला तेव्हा सिनेमालाही तो दिसला. १९७५ चा 'सामना', तेंडुलकर आणि जब्बार पटेल. त्यातलं 'मारुती कांबळेचं काय झालं?' हे वाक्य आजही सभेत कुणी उच्चारलं तर संदर्भ द्यावा लागत नाही. त्या साखरसम्राटाच्या, हिंदुरावाच्या भूमिकेत निळू फुले होते. फुले स्वतः राष्ट्र सेवा दलात वाढलेले, चळवळीतले साधे माणूस. पण गावात त्यांची गाडी थांबली की बायका पदर सावरून आत जायच्या, ते मी दोनदा समोर पाहिलंय. लोकांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी आयुष्यात तसे चार-पाच हिंदुराव पाहिले होते, आणि त्या सगळ्यांना मिळून एक चेहरा मिळाला होता.

दादा कोंडक्यांचा विषय काढला की सुशिक्षित मंडळी हसून पुढे जातात. मी जात नाही, कारण माझी नोकरी त्यांच्यासारख्यांच्या सिनेमांवर चालली. १९७१ चा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरमध्ये लागायचा होता, थिएटरला देव आनंदचा हिंदी चित्रपट लावायचा होता. शिवसैनिक थिएटरवर गेले आणि 'सोंगाड्या' लागला. मराठी चित्रपटाला मुंबईत थिएटर मिळणं ही पुढे राजकारणाची बाब झाली, ती तिथून. ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, हा विक्रम गिनीज बुकात गेला. पण तो कुणी केला? दादा स्वतः गिरणगावातल्या गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांचा बावळट धोतरवाला नाम्या म्हणजे घाटावरून आलेला, मुंबईला घाबरलेला आणि मुंबईवर हसणारा कामगार. तीन पाळ्यांत गिरण्या चालायच्या, त्यामुळे थिएटरलाही तिन्ही वेळा गिऱ्हाईक असायचं. रात्रपाळी सुटलेले मॅटिनीला, पहिल्या पाळीचे संध्याकाळी. लालबागचं भारतमाता तर गिरणीच्याच जागेत होतं. सेन्सॉर दादांच्या द्व्यर्थी संवादांवर डोळे वटारायचं, आणि पिटात माणसं खुर्चीवरून पडायची. मला तो विनोद नेहमीच आवडला असं नाही. पण दिवसभर साच्याच्या आवाजात कान बधिर झालेल्या माणसाने मोठ्याने हसायला पैसे दिले तर त्याला नाक मुरडणारा मी कोण?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. मी त्या वर्षी लालबाग-परळचे रिपोर्ट लिहीत होतो. पहिले काही आठवडे, खरं सांगतो, कलेक्शन वाढलं. माणसं रिकामी होती. मग बाल्कनी तशीच राहिली आणि पिट रिकामं व्हायला लागलं. पावसाळ्यापर्यंत संध्याकाळच्या खेळाला पुढच्या दहा रांगांत मोजून चाळीस माणसं. कुटुंबं गावी गेली होती, घरातली भांडी विकली जात होती. मराठी सिनेमाचा मुंबईतला पाया त्या दोन वर्षांत खचला. त्याच सुमारास रंगीत टीव्ही आला, व्हिडिओ आला, लोक सगळा दोष त्यांना देतात. टीव्हीने बाल्कनी नेली. पिट संपाने नेलं. त्यानंतर निर्मात्यांनी कामगार नायक जवळजवळ सोडलाच. १९८५ नंतरच्या विनोदी चित्रपटांत नायक बेकार पोरं आहेत, शहरात खोली शोधतायत, नोकरी शोधतायत. गिरणी कुठेच नाही. कुणी ठरवून काढली नाही, खुर्चीत तो माणूसच उरला नव्हता.

जाता जाता एक धंद्यातली मौज. संयुक्त महाराष्ट्र १९६० मध्ये झाला, पण वितरणाच्या नकाशावर मी असेपर्यंत मराठवाडा 'निजाम' होता आणि विदर्भ-खान्देश 'सीपी बेरार', म्हणजे इंग्रजांच्या वेळचा मध्य प्रांत-वऱ्हाड. प्रिंट भुसावळ-अमरावतीहून फिरायची. पुण्यात धो धो चाललेला मराठी चित्रपट नांदेडला कधी पोचायचाच नाही, कारण तिथले हक्क हैदराबादच्या हिशेबात बसायचे. मराठवाड्यातल्या एका पिढीला मराठी सिनेमा परका वाटतो त्याचं हे अगदी साधं कारण आहे, आणि ते कुठल्याच निबंधात नसतं.

१९९१ चा 'माहेरची साडी' हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड सिनेमा. राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला, सोसणाऱ्या सुनेची गोष्ट, अलका कुबल. चोपन्न वर्षांनी येऊनही विचारांनी तो 'कुंकू'च्या मागे आहे. नीरा नकार देते, ही सोसत राहते. पण खुर्च्या बघा. एका तालुक्याच्या गावी दुपारच्या खेळाला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या. सगळ्या बायका. थिएटरच्या मालकाने पुरुषांच्या मुतारीवर खडूने 'स्त्रिया' लिहिलं, कारण एक पुरत नव्हती. मध्यंतरात एक म्हातारी माझ्याकडे आली, पदराच्या गाठीतले पैसे काढून म्हणाली, "साहेब, आणखी दोन तिकिटं द्या, सुनेला आणि तिच्या आईला उद्या आणते." सून आणि विहीणबाई! मी तिला म्हटलं, आजी, तुम्ही सासू, तुम्हाला यात काय आवडलं? ती म्हणाली, "मी काय जल्मली तवापासून सासू हाय व्हय?"

तो सिनेमा प्रतिगामी होता का? होता. त्या बायकांपैकी कित्येक जणी आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांशिवाय, स्वतःच्या पैशाने, गावाबाहेर करमणुकीला आल्या होत्या का? आल्या होत्या. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि तुमच्या प्राध्यापकांना यांतलं एकच हवं असेल तर मी मदत करू शकत नाही. निर्मात्यांनी मात्र यातला सोयीचा धडा घेतला. पुढची काही वर्षं साडी, कुंकू, मंगळसूत्र आणि रडणं यांचा महापूर आला, बायका कंटाळल्या आणि घरी मालिका बघत बसल्या.

'श्वास'बद्दल खूप लिहिलं गेलंय, मी एवढंच म्हणेन की १९५३ च्या 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी सुवर्णकमळ मिळालं तेव्हा सुशिक्षित मराठी माणूस थिएटरात परतला. बाल्कनी परतली. पिट नाही.

पिट परतलं २०१६ मध्ये. 'सैराट' लागला तेव्हा मी निवृत्तीला टेकलो होतो. नागराज मंजुळेंचा त्याआधीचा 'फँड्री' मी रिकाम्या खुर्च्यांबरोबर पाहिला होता, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड पडद्यातून आपल्याकडे येतो तेव्हा माझ्या मागच्या रांगेतला एक पोरगा उठून निघून गेला होता. का गेला, ते विचारायचं धाडस झालं नाही. 'सैराट'ला मात्र खुर्च्या कमी पडल्या. काही ठिकाणी रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. मी बघितलेल्या एका थिएटरात गाण्याला पोरं पडद्यासमोर नाचायला गेली. हे नवीन नाही, दादांच्या काळातही नाचायची. नवीन होतं ते हे, की पोरीही गेल्या. बुलेट चालवणारी, पोराकडे न घाबरता बघत बसणारी करमाळ्याकडची आर्ची, तिच्या बोलीत बोलणारी. त्या मुलींनी आपली भाषा पडद्यावरच्या नायिकेच्या तोंडी पहिल्यांदा ऐकली होती. आणि शेवटच्या पाच मिनिटांत, पार्श्वसंगीत बंद, बाळाची रक्ताळलेली पावलं, हजार माणसांचं थिएटर चिडीचूप. बाहेर पडताना कुणी शिट्टी मारली नाही.

त्याने आंतरजातीय लग्नांवरचे खून थांबले का? नाही. 'तुमच्या सैराटमुळे पोरी बिघडल्या' असं म्हणणारे मी चावडीवर ऐकले, आणि त्याच चावडीवर गाणी वाजत होती तीही ऐकली. एक मात्र झालं. 'सैराट करीन' हा शब्द धमकी म्हणूनही वापरला जाऊ लागला आणि पळून जाणाऱ्यांचा म्हणूनही. ज्या गोष्टीला गावात नाव नव्हतं, 'घरचं प्रकरण' म्हणून दाबली जायची, तिला नाव मिळालं.

आता तुमच्या अभ्यासासाठी. चित्रपटांची यादी करू नका. तुमच्या गावातलं जुनं टॉकीज शोधा, बहुधा तिथे मंगल कार्यालय किंवा गोडाऊन असेल. जुना डोअरकीपर जिवंत असेल तर त्याला गाठा. त्याला सिनेमांबद्दल विचारू नका, त्याने ते पाहिलेले नसतात, तो दाराकडे तोंड करून उभा असायचा. त्याला विचारा: बायका कोणत्या वारी यायच्या, कोणत्या वस्तीतली माणसं कुठल्या दाराने आत जायची, जास्त तिकिटं कधी फिरवावी लागली, आणि पुढच्या रांगा पहिल्यांदा रिकाम्या कधी राहिल्या. शेवटच्या प्रश्नाला तो बहुतेक वर्ष नाही सांगणार, गावात काय झालं होतं ते सांगेल. ते लिहून घ्या.